पाय आधी, पाणी मग

आम्ही मुंबईच्या उपनगरातल्या एका कोळीवाड्यातल्या बायका. अंधेरी, बोरिवली म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लोकलची गर्दी आणि उंच इमारती येत असतील. पण अंधेरी-मालाड-बोरिवलीच्या पश्चिमेला वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई ही गावं अजून समुद्राला धरून उभी आहेत. पूर्वेला घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या पाठीमागे ठाण्याची खाडी आहे. या किनाऱ्यांवर आजही बायका ओहोटीला पाण्यात उतरतात. कोणी खडकावरची कालवं फोडते, कोणी गाळातल्या तिसऱ्या वेचते, कोणी चिंबोऱ्या आणि निवट्या धरते. होडीवर पुरुष जातात, पण खाजणातलं हे काम बायकांचं. त्यासाठी ना होडी लागते, ना डिझेल. लागतात ते दोन हात आणि दोन पाय.

हातांची काळजी आपण थोडी तरी घेतो. आज आम्ही पायांबद्दल बोलणार आहोत. पाण्यात, चिखलात उतरताना पायात काय घालावं, एवढाच विषय. ऐकायला लहान वाटेल. आम्हालाही वाटला होता. आमच्या एका मावशीच्या पायाचा अंगठा गेला, तेव्हा तो लहान राहिला नाही.

मावशींचं वय साठीच्या आसपास. चाळीस वर्षं त्या खाडीत उतरत आल्या, तेही अनवाणी. त्यांना मधुमेह आहे हे सगळ्यांना माहीत होतं, गोळ्याही चालू होत्या. एका दुपारी त्या कालवं घेऊन घरी आल्या, पाय धुतले आणि चुलीपाशी बसल्या. सुनेनं लादीवर रक्ताचे ठसे पाहिले. "मावशी, पाय कापलाय तुमचा," असं तिनं सांगितल्यावर त्यांनी पाय वळवून पाहिला. अंगठ्याखाली कालवाच्या शिंपल्यानं खोल चीर गेली होती. त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. त्यांनी हळद दाबली, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाडीत गेल्या. "दुखतच नाही, तर घरी कशाला बसू?" असं त्या म्हणाल्या. पाचव्या दिवशी ताप भरला, पाय सुजून काळसर झाला. रुग्णालयात पाय वाचला, पण अंगठा काढावा लागला.

"दुखतच नाही" हे शब्द लक्षात ठेवा. त्यांच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

मावशी घरी आल्यावर आमच्या बचत गटाची बैठक झाली. सगळ्या हादरलेल्या होत्या. आम्ही ठरवलं की यापुढे अनवाणी कोणी उतरायचं नाही. गटाच्या शिलकीतून बारा जणींना बारा गमबूट घेतले. जोडाला ४५० रुपये, म्हणजे एकूण ५,४०० रुपये. गमबूट का? पावसात सफाई कामगारांच्या पायात तेच बघितलेले. गुडघ्यापर्यंत रबर, पाणी आत जात नाही, काच टोचत नाही. आम्हाला वाटलं, प्रश्न मिटला.

तिसऱ्याच दिवशी आमच्यातली एक वहिनी गाळात अडकली. तिसऱ्या वेचत ती थोडी पुढे गेली होती. पाय मांडीपर्यंत आत गेला. गमबुटाच्या वरच्या तोंडातून गाळ आणि पाणी आत शिरलं. ती पाय ओढायची, पण बूट हलायचा नाही. एक पाय सोडवायला दुसऱ्यावर भार द्यावा, तर तो आणखी खोल. आणि भरती लागलेली. "पाय येत नाय गो," अशी तिची हाक आली तेव्हा पाणी तिच्या कमरेला होतं. दोघींनी होडीतली फळी आडवी टाकली, एकीनं तिला मागे रेलायला लावलं. तिनं बुटातून पाय काढला आणि तिला फळीवर ओढून घेतलं. वहिनी वाचली. एक बूट अजून तिथंच गाळात असेल.

त्या रात्री कोणी कोणाला दोष दिला नाही. पण आम्हाला कळलं की आम्ही पायताण निवडलंच नव्हतं, फक्त विकत घेतलं होतं. कामाचा विचार न करता दिसेल ते घेतलं होतं.

आधी गमबूट का अडकतो ते समजून घेऊ. चिखल आणि बुटाचा तळ एकमेकांना चिकटलेले असतात. पाय वर ओढला की तळाखाली पोकळी होऊ पाहते, पण तिथं हवा किंवा पाणी शिरायला वाट नसते. मग चिखल बुटाला खाली धरून ठेवतो. रुंद, सैल बूट असला की ही पकड जास्त. वरून तो पाण्यानं भरला की दर पावलाला लिटर-दोन लिटर पाणी उचलावं लागतं. पाय पाण्यात असेपर्यंत ते वजन जाणवत नाही. बाहेर काढायला गेलं की जाणवतं, म्हणजे नेमकं पळायच्या वेळी. म्हणून एक गोष्ट मनात पक्की करा: ज्या पाण्याची खोली बुटाच्या तोंडाहून जास्त होऊ शकते, तिथं गमबूट घालून जायचं नाही.

कोणी अडकलीच तर ओढाताण करू नये. मागे रेलावं, बसल्यासारखं व्हावं, म्हणजे अंगाचा भार पसरतो. पाय वर न खेचता टाच आणि बोटं हलवावीत, म्हणजे बाजूनं पाणी आत शिरतं आणि पकड सुटते. बूट जात असेल तर जाऊ द्यावा.

मग घालायचं काय? याचं उत्तर आम्हाला अनपेक्षित ठिकाणाहून मिळालं. आमच्यातल्या एकीचा भाचा मालवणला असतो. तिथं तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, आणि मालवणच्या समुद्रात पर्यटकांना पाण्याखाली नेऊन प्रवाळ आणि मासे दाखवणारे बरेच जण आहेत. हा भाचाही तेच काम करतो. गणपतीला आला तेव्हा त्यानं आपले पाण्यात घालायचे बूट बैठकीत आणले. आम्ही ते हातात घेऊन दाबून, वाकवून बघितले.

हे बूट निओप्रीन नावाच्या रबराचे असतात. हे रबर स्पंजासारखं असतं, त्यात हवेचे बारीक बारीक बुडबुडे अडकवलेले असतात. घोट्याच्या वरपर्यंत येतात, बाजूला चेन असते, तळ जाड रबराचा. गंमत म्हणजे या बुटांत पाणी शिरतं. शिरू द्यायचंच असतं. बूट पायाला घट्ट बसत असेल तर आत पाण्याचा फक्त पातळ थर राहतो. तो थर पायाच्या उबेनं गरम होतो आणि तिथंच राहतो. बूट सैल असेल तर दर हालचालीला गार पाणी आत येतं, कोमट पाणी बाहेर जातं आणि बुटाचा काही उपयोग राहत नाही. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा वीस पटीहून जास्त वेगानं ओढून घेतं, त्यामुळे थंड समुद्रात हा फरक फार मोठा.

आपल्या कोकणातलं पाणी उबदार. तिथं तीन मिलिमीटर जाडीचा बूट पुरतो, आणि तोही थंडीसाठी कमी आणि खडक, कालवं, काटे यांच्यासाठी जास्त. थंड देशांत पाच किंवा सात मिलिमीटर जाडीचे बूट घालतात. दक्षिण कोरियात जेजू नावाचं बेट आहे. तिथल्या बायका पिढ्यानपिढ्या श्वास रोखून समुद्रात बुड्या मारतात आणि शिंपल्या, समुद्री शेवाळ काढतात. त्यांना हेन्यो म्हणतात. २०१६ साली युनेस्कोनं त्यांच्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. १९७० च्या दशकापर्यंत त्या साध्या सुती कपड्यांत थंड पाण्यात उतरायच्या आणि थोड्या वेळात कुडकुडत बाहेर येऊन शेकोटीपाशी बसायच्या. रबराचा पोशाख आल्यावर त्या कितीतरी जास्त वेळ पाण्यात राहू लागल्या. त्यांतल्या पुष्कळ जणी साठीच्या, सत्तरीच्या पुढच्या आहेत. आमच्या मावशींना हे ऐकून फार बरं वाटलं. "म्हणजे म्हाताऱ्या बायका तिकडं पण पाण्यात असतात," असं त्या म्हणाल्या.

बुडी मारणारे पायांना रबरी पर बांधतात, बदकाच्या पायासारखे. त्यांना फिन म्हणतात. त्यांचे दोन प्रकार असतात. एकात अनवाणी पाय पूर्ण आत जातो, चपलेसारखा. दुसऱ्यात टाच उघडी असते आणि मागे पट्टा असतो. थंड पाण्यात जाणारे दुसरा प्रकार घेतात, कारण त्यात बूट घालून पाय बसवता येतो. भाच्यानं सांगितलं, "आत्या, लोक आधी फिन घेतात आणि मग बूट. मग बूट फिनमध्ये शिरत नाही. शिरला तर पाय इतका आवळतो की पोटरीत गोळे येतात. सैल राहिला तर फिन पाण्यात गळून जातो. म्हणून आधी पाय, मग बूट, आणि बूट घालूनच फिन निवडायचा."

आमच्या डोक्यात प्रकाश पडला तो इथं. पायताण एकटं कधीच नसतं. ते कशाच्या तरी जोडीनं वापरायचं असतं. बुडी मारणाऱ्याला ते फिनच्या जोडीनं वापरायचं असतं, आपल्याला चिखलाच्या, खडकाच्या, नाही तर बाजारातल्या ओल्या लादीच्या जोडीनं. त्या जोडीचा विचार केला नाही तर महागातली वस्तूही घात करते.

भाचा आणखी एक गोष्ट बोलून गेला. थंड पाण्यात पाय बधिर होतो, आणि बधिर पायाला कापलेलं कळत नाही. हे ऐकल्यावर आम्ही सगळ्यांनी मावशींकडे बघितलं. त्यांच्या पायाला थंडीनं नाही, तर वर्षानुवर्षांच्या साखरेनं बधिरपणा आणला होता. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू सुन्न होतात. मुंग्या येणं, जळजळणं, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, ही त्याची लक्षणं. त्यात रक्तपुरवठा कमी झालेला असला तर जखम भरायला वेळ लागतो.

याच गोष्टीवर एका डॉक्टरांनी भारतात बरीच वर्षं काम केलं. त्यांचं नाव डॉ. पॉल ब्रँड. ते १९४६ साली तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्या काळी लोक समजायचे की कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात. डॉ. ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं झडत नाहीत. नसा बधिर झाल्यामुळे माणसाला चटका, काटा, घासणं कळत नाही, तो त्याच जखमेवर चालत राहतो आणि बोटं जातात. म्हणजे वेदना ही शत्रू नाही, ती राखणदार आहे. पुढे अशा पायांसाठी मऊ रबराच्या तळाच्या चपला वापरात आल्या. मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे एमसीआर चप्पल. कुष्ठरोगाच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांना आजही ती घालायला सांगतात. ज्या पायाला दुखत नाही, त्याला सर्वांत जास्त जपायचं असतं. मावशी "दुखतच नाही" म्हणाल्या, तोच खरा धोक्याचा इशारा होता.

आता निवडीकडे येऊ. कामाप्रमाणे आम्ही काय ठरवलं ते सांगतो.

मऊ गाळात, तिसऱ्या आणि चिंबोऱ्यांसाठी: घोट्याच्या वर येणारे, नाडी बांधायचे कापडी बूट, रबरी तळाचे. आत जाड सुती मोजा. पाणी आत जातं आणि बाहेरही येतं, म्हणून बूट भरून जड होत नाही. नाडी घोट्याशी घट्ट बांधली की गाळात बूट निघत नाही, आणि वेळ आलीच तर नाडी सोडून पाय काढता येतो. त्यासाठी गाठ सुटणारीच मारायची. बुडी मारणाऱ्यांचे निओप्रीन बूट याहून चांगले, पण कापडी बुटांच्या कितीतरी पट महाग. आम्हाला कापडी जोड ३५० रुपयांना पडला. तिवरांच्या मधून चालायचं असेल तर तळ जाड हवा, कारण तिवराची मुळं खुंटासारखी वर आलेली असतात. शिवाय शहराच्या खाडीत फुटक्या बाटल्या, ट्यूबलाइटच्या काचा, सुया, खिळे काय वाट्टेल ते सापडतं. स्लिपर तर मुळीच नको. ती गाळात राहते आणि आपण अनवाणी पुढे जातो.

कालवांच्या खडकावर: तोच कापडी बूट चालतो, पण तळाला खोल नक्षी हवी आणि तळ फार कडक नको. शेवाळावर गुळगुळीत तळ घसरतो आणि पडताना माणूस हात टेकतो. मग पायाऐवजी तळहात कापतो.

वाळूच्या उथळ पाण्यात: इथं भीती पाकटाची. पाकट वाळूत अंग पुरून बसतं आणि त्याच्या शेपटीला विषारी काटा असतो. २०१३ च्या गणेश विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर अनेकांना पाकटांनी काटे मारले होते. तेव्हापासून विसर्जनाला पाण्यात उतरताना गमबूट घाला असं महापालिका सांगते. गुडघ्याखालच्या पाण्यात, घट्ट वाळूवर ते बरोबरच आहे. पण पाकटाचा काटा पातळ रबर भेदू शकतो, म्हणून पाऊल उचलून टाकायचं नाही, तळ घासत घासत पुढे सरकायचं. पाकटाला चाहूल लागते आणि ते निघून जातं.

बाजारात, मासे साफ करायच्या जागी: गमबुटाची खरी जागा ही. पाणी उथळ, जमीन कडक, दिवसभर ओल, खाली शिंगाळ्याचे काटे आणि मासळीचं पाणी. आमचे उरलेले अकरा जोड आम्ही बाजारात बसणाऱ्या बहिणींना दिले. पैसे वाया गेले नाहीत.

भाताच्या खाचरात: मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी. लावणीच्या चिखलात गमबूट घालून वाकून काम होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण बांधावर, गोठ्यात, शेण काढताना, तुंबलेल्या पाण्यातून जाताना तो जरूर घाला. लावणीला उतरताना पायावर जखम असेल तर त्या दिवशी दुसरं काम घ्या. जमत नसेल तर जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी चिकटवा आणि बाहेर आल्यावर साबणानं पाय धुवा.

हे का सांगतो, त्यामागे लेप्टोचा धोका आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमची उपनगरं छातीभर पाण्यात होती. पाणी ओसरलं आणि नंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर, कुत्रे, गुरं यांच्या लघवीतून याचे जंतू पाण्यात आणि चिखलात येतात. ते पायाच्या चिरेतून, भेगेतून, भिजून मऊ पडलेल्या कातडीतून अंगात शिरतात. सिंधुदुर्गासारख्या भातशेतीच्या जिल्ह्यांत हा आजार शेतात काम करणाऱ्यांना होतो. जोराचा ताप, डोकेदुखी, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं, पुढे कावीळ, अशी लक्षणं. जखम असताना अशा पाण्यातून चालावं लागलं तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जा आणि "मी घाण पाण्यातून चालले आहे" असं स्पष्ट सांगा. शहरात महापालिकेचा दवाखाना, गावात प्राथमिक आरोग्य केंद्र. लागल्यास ते प्रतिबंधक गोळ्या देतात. गरोदर बाईनं आणि लहान मुलांसाठी आईनं ते आवर्जून सांगायचं, कारण त्यांना औषध वेगळं असतं. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

आता माप. दुकानात बूट बायकांच्या मापाचा सहज मिळत नाही. चार, पाच नंबर मागितला की दुकानदार सहा दाखवतो आणि "दोन मोजे घाला" म्हणतो. ते ऐकू नका. सैल बूट गाळात राहतो आणि टाच घासून फोड आणतो. घट्ट बूट रक्त अडवतो, पाय बधिर करतो. गटानं मिळून मागणी दिली तर दुकानदार लहान माप मागवून देतो. माप संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात. कागदावर उभं राहून दोन्ही पायांच्या कडा पेन्सिलीनं आखा. एक पाय मोठा असतो, त्याचं माप धरा. ज्या मोज्यासह घालणार तोच मोजा घाला. पुढे बोटांना अर्ध्या बोटाची जागा हवी, टाच मात्र उचलली जाऊ नये. मग बुटाच्या आत हात घालून शिवण, खिळा, टोचणारी कड चाचपा. मधुमेह असलेल्या बाईनं तर दर वेळी पाय घालण्याआधी हे करायचं. शेवटी घरी बादलीत पाय भिजवून, ओला बूट एका हातानं सोडता येतो का ते बघा. येत नसेल तर तो पाण्यात नेऊ नका.

काम झाल्यावर बूट गोड्या पाण्यात धुवा, आत वर्तमानपत्र कोंबा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात रबराला चिरा पडतात, डिंक सुटतो. ओला बूट दुसऱ्या दिवशी पायात घातला की बोटांमध्ये चिखल्या होतात. म्हणून मोज्यांचे दोन जोड ठेवा. पाय धुतल्यावर बोटांच्या मधली जागा कोरड्या फडक्यानं पुसा. टाचेच्या भेगांना आपण कोकमाचं तेल लावतोच, पण ते बोटांच्या मध्ये लावू नका, तिथं कोरडंच बरं.

आणि एवढं करूनही कापलं तर? आधी भरपूर स्वच्छ पाणी आणि साबण. आत गाळ किंवा शिंपल्याचा तुकडा राहिला असेल तर वरून हळद दाबून तो आत कोंडू नका. स्वच्छ फडकं बांधा, धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करा. पाकट किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास ठेवा, वेदना कमी होते. पाणी किती गरम आहे ते दुसरीनं आपल्या हातानं बघायचं, कारण बधिर पायाला पोळलेलंही कळत नाही. खोल रुतलेला काटा स्वतः उपटू नका. आणि मधुमेह असेल तर जखम लहान असो की मोठी, त्याच दिवशी डॉक्टर. खाडीच्या कोमट, खाऱ्या पाण्यातले काही जंतू मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाच्या जखमेत फार वेगानं पसरतात.

बूट पायात असला तरी भरतीचं घड्याळ विसरायचं नाही. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी लांब ओसरतं, म्हणून आपण लांब जातो, पण परतही ते तितकंच जोरात येतं. अष्टमीच्या भांगाला तेवढा जोर नसतो. आम्ही आता एकटीनं उतरत नाही, एक फळी आणि दोर सोबत असतो, आणि पाणी वळायच्या आधी सगळ्यांत म्हातारी बाई हाक मारते. ती हाक आली की अर्धी पाटी असली तरी परत फिरायचं.

शेवटचं एक. आमच्या मासिक बैठकीत आता हिशोबाच्या आधी एक काम होतं. सगळ्या जणी पाय पुढे करून बसतात आणि शेजारणीचे पाय बघतात. तळवा, टाच, बोटांच्या मधली जागा. पहिल्यांदा फार लाजल्या. "माझे पाय कसले बघता, भेगाळलेले," असं म्हणत साडी खाली ओढायच्या. सासवांना सुनांसमोर पाय धरायला दिलेले आवडेना. पण स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसत नाही, आणि बधिर पाय आपण होऊन काही सांगत नाही. दुसरीच्या डोळ्यांनीच तो बघावा लागतो. दुसऱ्याच महिन्यात एकीच्या टाचेत रुतलेली काच सापडली. तिला कल्पनाही नव्हती. ती डॉक्टरकडे गेली, साखर तपासली, आणि मधुमेह वेळेत कळला.

मावशी आता कापडी बूट घालून किनाऱ्यावर येतात. डॉक्टरांनी पाण्यात उतरू नको म्हणून सांगितलंय, त्यामुळे त्या कोरड्या जागी बसून कालवं सोडवतात आणि आमचे बूट मोजतात. कोणी अनवाणी दिसली तर पाण्यात उतरू देत नाहीत. वळून येण्याची हाकही त्याच मारतात.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. तुमच्यातल्या किती जणी अनवाणी कामाला जातात ते मोजा, कोण कुठल्या पाण्यात उतरते ते लिहा, आणि शेजारणीचा पाय हातात घेऊन बघा. खरेदी त्यानंतर.